छर्ऱ्यावर बसलेला हात

टेनिसमध्ये सर्व्हिस करताना चेंडू एका हातानं वर सोडतात, त्याला आम्ही खेळाडू टॉस म्हणतो. नाणेफेकीचा टॉस वेगळा. बघणाऱ्याचं लक्ष रॅकेटकडे असतं, पण रॅकेट फिरते तोवर निम्मं काम होऊन गेलेलं असतं. चेंडू दर वेळी त्याच जागी, त्याच उंचीवर गेला पाहिजे, मग हात कितीही थकलेला असो आणि समोर कुणीही उभं असो. माझं बाकीचं टेनिस बेताचंच होतं. फोरहँड बरा, बॅकहँडबद्दल न बोललेलं बरं. काही वर्षं मी व्यावसायिक स्पर्धा खेळले, पण क्रमवारीत इतक्या खाली की माझं नाव शोधायला पानंच्या पानं उलटावी लागत. तरी माझ्याहून कितीतरी वर असलेल्या मुली माझा टॉस बघायला सरावाच्या वेळी थांबत.

नागपूरचे माझे कोच नव्या मुलींना ओळीनं उभं करायचे आणि मला टॉस करून दाखवायला सांगायचे. मग त्यातली एखादी हमखास विचारायची, ताई, हे कुणी शिकवलं? मी सांगायचे, शाळेत. आमच्या शाळेत टेनिसचं कोर्ट सोडा, मुलींच्या संडासाला कडी नव्हती. पण नागपूरच्या मुलींना काय माहीत?

टॉस मी दारूच्या खेळात शिकले. बाबांसाठी खेळून. हे वाक्य आज पहिल्यांदा लिहितेय, आणि या वयातही लिहिताना कान तापलेत.

आमचं घर यवतमाळ जिल्ह्यात वणीबाहेर, मुकुटबनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका जिनिंगपासून थोड्या अंतरावरच्या वस्तीत होतं. बाबा त्या जिनिंगमध्ये फिटर होते. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं, त्यांचे पट्टे, पुल्या, बेअरिंगं, सगळं त्यांच्याकडे. दिवाळीनंतर हंगाम लागला की उन्हाळ्यापर्यंत त्यांना जेवायला सवड नसायची, घरी आले तरी भुवयांवर कापूस असायचा. मग कापसाची ती वाईट वर्षं आली. कधी अळीनं खाल्लं, कधी भावानं. जिनिंगच्या फाटकापुढे गाड्यांची रांग लागायची ती नावापुरती उरली, आणि मालकानं यंत्रं बंद ठेवायला सुरुवात केली. फिटरला मात्र काढलं नाही, कारण बंद यंत्र गंजतं. बाबा, गाठी बांधणारा प्रेसवाला, एक ड्रायव्हर आणि चौकीदार असे चौघे जण रिकाम्या शेडमध्ये दिवसभर बसून राहायचे.

बसलेला माणूस काय करणार? झरीकडून कुणीतरी मोहाची दारू कॅनमध्ये घेऊन यायचा. पण दारू थोडी आणि दिवस मोठा. सरळ वाटून प्यायली तर जेवणाच्या आत संपायची आणि पुढची दुपार अंगावर यायची. म्हणून खेळ निघाला. कुणी काढला ते माहीत नाही, पण तो फिटरच्या डोक्यातूनच निघालेला असणार, कारण खेळाचं सामान बेअरिंगचं होतं.

जुन्या बेअरिंगमधला बोराएवढा लोखंडी छर्रा घ्यायचा. शेडमध्ये डोक्यावरून यंत्रं फिरवणारा लांब शाफ्ट गेलेला होता, त्याच्याही वर जाईल असा तो उडवायचा. खाली पायापुढे स्टीलचा रिकामा गिलास ठेवलेला असे, छर्रा त्यात पडला पाहिजे. पडला तर बाकीच्या तिघांनी आपापल्या वाट्यातला एकेक घोट त्या गिलासात ओतायचा. नाही पडला तर ज्याचा डाव त्यानं आपला घोट दुसऱ्यांना द्यायचा. आत पडला की ओरडायचं, ‘भर!’

आता पिणाऱ्याचा हात किती वेळ सरळ राहील? दोन डाव झाले की छर्रे शेडभर पळायला लागायचे आणि भांडणं व्हायची. म्हणून त्यांनी एक सूट ठेवली होती. ज्याला हवं त्यानं न पिणाऱ्याचा हात घ्यावा. बाकीच्यांची घरं लांब, त्यांना हात मिळेना. मी दुपारी बाबांचा डबा घेऊन शेडमध्ये जायचे. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते.

पहिल्यांदा बाबांनी गंमत म्हणून छर्रा माझ्या हातात दिला. तो गिलासाच्या काठावर आपटून बाहेर उडाला. दुसऱ्या दिवशी आत पडला. मग मला नादच लागला. घरी अंगणात मी एकटीच सराव करायचे. कोपर वाकवलं की छर्रा तिरका जातो, बोटांनी ढकलला की फिरतो, नुसता तळहात वर नेऊन उघडला की सरळ जातो, हे मला कुणी सांगितलं नाही. अंग हलू नये म्हणून मी उजव्या हातानं शेडचा खांब धरायचे आणि डाव्या हातानं छर्रा सोडायचे. पुढे टेनिसमध्ये टॉस डाव्या हातानंच करायचा होता, तेव्हा मला नवीन काही शिकावंच लागलं नाही.

थोड्याच दिवसांत माझा छर्रा चुकेनासा झाला. बाकीचे तिघे कुरकुर करायचे, पण नियम त्यांचाच होता. बाबा इतके खूश असायचे की छर्रा खाली यायचीही वाट बघायचे नाहीत. तो वर शाफ्टच्या पलीकडे गेला, क्षणभर थांबला, की तेवढ्यातच ते ओरडायचे, ‘भर!’ माझ्या हातातून सुटताना त्यांना कळलेलं असायचं. मग खाली टण्ण आवाज व्हायचा. मला जगात त्या आवाजाइतकं काही आवडत नव्हतं. शाळेत मी मागच्या बाकावरची, गणितात नापास होणारी मुलगी, आणि इथे चार मोठी माणसं माझ्या हाताकडे डोळे लावून बसलेली. मी बाबांना जिंकून देत होते. जिंकून काय देत होते याचा विचार मी केला नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही दोघं घरी जायचो. बाबांचा हात माझ्या खांद्यावर असायचा. तो हात जड व्हायचा आणि माझा खांदा दुखायचा, पण मी सांगायचे नाही.

आम्ही बौद्ध. दर रविवारी सकाळी वस्तीतल्या विहारात वंदना व्हायची आणि बायकांच्या पुढे बसून पंचशील सांगायचा मान आईचा होता, कारण तिचा आवाज सगळ्यांत खणखणीत. पाच शीलं. चौथं खोटं न बोलण्याचं, पाचवं दारूला न शिवण्याचं. पहिली चार आई अशी म्हणायची की रस्त्यावरचा ट्रकवाला मान वळवून बघायचा. पाचव्याला तिचा आवाज घशात जायचा. मागच्या बायका मात्र नेमकं पाचवं शील मोठ्यानं म्हणायच्या. मी आईच्या शेजारी हात जोडून बसलेली असायचे आणि ज्या हातांनी छर्रा उडवला तेच जोडून बसलेय हे मला चांगलं माहीत असायचं. अशा वेळी जमीन पोटात घेईल तर बरं वाटतं, पण विहाराची फरशी पक्की होती.

एका दुपारी मी डबा घेऊन निघाले तेव्हा आईनं मला दारात थांबवलं.

“आज छर्रा चुकव,” ती म्हणाली.

“मुद्दाम?”

“हो, मुद्दाम. तुह्या हातानं पेतेत ते. तू चुकवलं तं दुसऱ्याच्या पोटात जाईन, त्याइच्या तं नाई जाणार.”

आईचं चूक नव्हतं. तिचं गणित माझ्या गणितापेक्षा कितीतरी बरं होतं. मी शेडमध्ये गेले, खांब धरला आणि कोपर थोडंसं वाकवलं. बाबा नेहमीसारखं ‘भर’ म्हणायला तोंड उघडून होते. त्यांनी ते तसंच मिटलं. छर्रा गिलासाच्या बाजूला पडून यंत्राखाली गेला. मी पुन्हा चुकवला, आणि पुन्हा. प्रेसवाला हसला आणि म्हणाला, फिटरची मशीन बिघडली. बाबांनी आपले घोट एकेक करून ओतून दिले.

घरी जाताना त्या दिवशी त्यांचा हात माझ्या खांद्यावर नव्हता. अर्ध्या रस्त्यात ते थांबले.

“तुहा हात चुकला नाई बेटा,” ते म्हणाले. “तू चुकवला. मले त्याइच्यापुढं हारवलं तू.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी डबा सकाळीच सोबत न्यायला सुरुवात केली. खेळ त्यांच्यापुरता बंद झाला. आणि मग कळलं की त्या खेळानं त्यांना धरूनही ठेवलं होतं. खेळात घोटाला वाट बघावी लागायची, दुपार सरायची, पोरीला घेऊन उजेडात घरी जायचं असायचं. आता ते रस्त्यापलीकडच्या गुत्त्यावर जायला लागले. तिथे वाट बघावी लागत नव्हती आणि खांद्याचीही गरज नव्हती. दोनदा लोकांनी त्यांना कापसाच्या रिकाम्या गाडीत टाकून घरी आणलं, वस्तीतल्या बायका नळावर असताना. आम्ही आगीतून फुफाट्यात पडलो होतो. आई आणि मी, आम्ही दोघींनी मिळून काय केलं, हे आम्ही एकमेकींना कधी बोलून दाखवलं नाही.

टेनिस माझ्याकडे आलं ते अगदी आपल्याकडच्या पद्धतीनं आलं. कबड्डी आणि खो-खोला जिल्ह्यात शंभर शाळा उतरायच्या, जिंकायचं म्हणजे घाम गाळावा लागायचा. आमचे खेळाचे सर हुशार. त्यांनी यादीतून असा खेळ शोधला की जो जिल्ह्यात कुणी खेळतच नाही. लॉन टेनिसला मुलींचं एकही नाव नसायचं. नाव दिलं की न खेळता जिल्ह्यात पहिला नंबर आणि थेट अमरावतीला विभागीय स्पर्धा. शाळेचं नाव पेपरात आणि मुलींना प्रमाणपत्र. सरांनी वर्गात येऊन विचारलं, अमरावती पाहिलेली नाही अशी मुलगी कोण? मी आणि आणखी तिघींनी हात वर केले.

जायच्या आधी निदान रॅकेट धरता यावी म्हणून सर आम्हा चौघींना वणीजवळच्या कोळसा खाणीच्या वसाहतीत घेऊन गेले. तिथे साहेब लोकांच्या क्लबात एक कोर्ट होतं. सरांनी स्वतः पुस्तकात बघून सांगितलं की चेंडू वर उडवा आणि मारा. बाकीच्या तिघींचे चेंडू चारी दिशांना गेले. माझा सरळ वर गेला, थांबला आणि मला आपसूक बाबांचा आवाज ऐकू आला. मी मारला. सर पुस्तक मिटून बघत राहिले.

अमरावतीला मी पहिल्याच सामन्यात हरले, पण नागपूरचे एक कोच तिथे होते. ते आमच्या सरांशी बोलले, मग घरी आले. बाबा त्या दिवशी घरात नव्हते आणि ते कुठे आहेत हे कोचना सांगायची वेळ आली नाही म्हणून आई आणि मी किती सुटलो! पुढच्या जूनपासून मी नागपूरच्या वसतिगृहात राहायला लागले.

नागपुरात यवतमाळ म्हटलं की लोक चेहरे पाडायचे. टीव्हीवर शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत तेच जिल्हे दिसायचे. वडील शेतकरी का, असं हळूच विचारायचे. एका पत्रकारानं तर विचारलं, घरात काही वाईट घडलंय का? त्याला काहीतरी हवं होतं. मी संतापले. आमच्याकडे एक गुंठाही जमीन नव्हती. आमच्या घरात जे वाईट होतं त्यावर कुणी बातमी लिहिणार नव्हतं, आणि लिहू नये हीच माझी इच्छा होती. मी सांगितलं, बाबा मशीनचं काम करतात आणि सगळं छान आहे. टॉस कुणी शिकवला? शाळेत.

बाबा मला भेटायला दोनदाच वसतिगृहात आले. दुसऱ्या वेळी ते पिऊन आले होते आणि फाटकावरच्या बाईनं त्यांना आत सोडलं नाही. मी वरच्या खिडकीतून बघितलं आणि खाली गेले नाही.

एकविसाव्या वर्षी मला पहिल्यांदा एका व्यावसायिक स्पर्धेच्या मुख्य फेरीत खेळायला मिळालं. स्पर्धा नागपुरातच होती. स्पर्धा लहान, पण मुख्य फेरी म्हणजे मुख्य फेरी, तिथला एक विजय म्हणजे क्रमवारीत पहिल्यांदा नाव. हे मी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, आम्ही दोघं येतो. मी म्हणाले, दोघं कशाला? ती म्हणाली, त्यायनं मले शब्द दिला आहे.

ते खरोखरच न पिता, कोरडे आले. बाबांनी पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून घातला होता. हात कापत होते म्हणून त्यांनी ते मांड्यांखाली धरून ठेवले होते. आई शेजारी पदर घट्ट धरून बसली होती. मी दुरूनच बघितलं आणि खेळायला गेले.

समोरची मुलगी परदेशी होती, माझ्याहून उंच आणि सगळ्याच बाबतीत सरस. पहिला सेट तिनं बघता बघता घेतला. दुसऱ्यात मी थोडी झुंजले, पण खांदा दुखत होता आणि दुसरी सर्व्हिस दुपारभर जाळ्यात जात होती. शेवटी तिचा मॅच पॉइंट आला, म्हणजे हा गुण गेला की सामना गेला, आणि सर्व्हिस माझी. पहिली बाहेर गेली. सगळं शांत झालं. मी दुसरी करायला उभी राहिले, डावा हात वर नेला, उघडला. टॉस नेहमीसारखाच, अचूक. मी मारला.

आणि प्रेक्षकांतून आवाज आला, “भर!”

हे मला नेमकं सांगायचं आहे, कारण पुढचं सगळं याच्यावर आहे. तो शब्द माझ्या कानावर आला तेव्हा चेंडू रॅकेट सोडून जाळ्याकडे निघालेला होता. जिनिंगमध्ये छर्रा वर थांबायचा तेव्हा बाबा ओरडायचे. टेनिसमध्ये चेंडू वर थांबतो त्याच क्षणी रॅकेट लागते, ओरडा कानापर्यंत येईतो चेंडू निघून गेलेला असतो. आवाजानं माझं काही बिघडलं नाही. चेंडू जाळ्यात गेला कारण माझी दुसरी सर्व्हिस वाईट होती. आणि तो गेला नसता तरी मी हरलेच असते, दोन मिनिटांनी.

पंचानं प्रेक्षकांकडे रागानं बघितलं. स्पर्धेचा बिल्ला लावलेला एक मुलगा बाबांकडे गेला आणि कोपराला धरून त्यांना उठवलं. आई मागोमाग निघाली. मी त्यांच्याकडे पाठ करून समोरच्या मुलीशी हस्तांदोलन केलं. माझ्या मनात हरल्याचं दुःख नव्हतं. एकच भीती होती की इथे कुणाला त्या शब्दाचा अर्थ कळला तर?

कोच टॉवेल घेऊन आले. “कोण होता तो माणूस? पिऊन आला होता वाटतं.”

मी टॉवेलमध्ये तोंड पुसत राहिले. माझ्या आठवणीत बाबा ठरवून कोरडे राहिलेला तो पहिला दिवस होता, आणि मी तोंड पुसत राहिले.

ते दोघं बाहेर सायकल स्टँडपाशी उभे होते. बाबांनी मान वर केली नाही. “तोंडातून निंगून गेलं बेटा,” ते म्हणाले. “मले सुधच नाई राह्यली.” मी म्हणाले, तुमची बस चुकेल.

दोन आठवड्यांनी आईचा फोन आला. तिचा आवाज मी ओळखलाच नाही इतका तो हलका झाला होता. तिनं सांगितलं की परतीच्या वाटेवर जाम गावाला बस थांबली तेव्हा बाबा पहिल्यांदा बोलले. म्हणाले, माह्या तोंडानं पोरीचा घात केला. हे तोंड पेलेलं तोंड आहे म्हणून त्यातून असं निंगते. त्या दिवसापासून त्यांनी दारू सोडली होती. अंगात ताप, रात्रंदिवस कापरं, भिंतीवर किडे दिसत होते, आई त्यांना धरून बसत होती. डॉक्टरकडे नेलं होतं. पण त्यांनी थेंब घेतला नव्हता. असं सोडणं या आधी त्यांना कधी जमलं नव्हतं, आईच्या शपथांनी नाही आणि माझ्या रडण्यानंही नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण मी म्हणाले, “आई, मी त्यांच्यामुळे नाही हरले. ऐकलं तेव्हा चेंडू सुटून गेला होता. मी तशीही हरणारच होते. बाबांना फोन दे, मी सांगते.”

आईनं फोन बाबांना दिला नाही.

“हे त्याइले सांगू नोको,” ती म्हणाली.

“अगं, पण ते बिचारे...”

“बिचारे असू दे. हे निंगालं तं मंग कायच्यासाठी सोडतीन ते? खोटं बोलू नोये हे मलेही माईत आहे, दर रविवारी मीच सांगते. पाचव्यासाठी मी चौथं मोडीन. तू फक्त गप राय.”

मी गप्प राहिले. आधी वाटलं, थोडे दिवस. अंगातलं विष निघून जाऊ दे, मग सांगू. मग वाटलं, एक वर्ष होऊ दे. वर्ष झालं तेव्हा आई म्हणाली, आता तर मुळीच नाही. बाबा जिनिंगमध्ये पुन्हा नियमित जायला लागले होते. रविवारी विहारात पुरुषांच्या मागच्या ओळीत बसायला लागले. आईचं पाचवं शील आता रस्त्यापर्यंत ऐकू यायचं, आणि चौथ्याला मात्र तिचा आवाज खाली यायचा. मागच्या बायकांच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

मी आणखी थोडी वर्षं खेळले. त्यानंतर मुख्य फेरीतही जिंकले, क्रमवारीत नाव लागलं, खांद्याच्या दुखापतीनं ते पुसलं. बाबा पुन्हा कधीच माझा सामना बघायला आले नाहीत. मी बोलावलं की म्हणायचे, नाई, मी नाई येत, तू खेळ. घरी टीव्ही आला होता. त्यावर टेनिस लागलं की ते बघायचे, पण कुणीही सर्व्हिस करायला चेंडू वर सोडला की आपला तळहात तोंडावर ठेवायचे. जगात कुठेतरी, कोण कुठली बाई खेळतेय, आणि वणीला माझे बाबा तोंड दाबून बसलेत. चेंडू पलीकडे गेला की हात काढायचे. मी शेजारी बसलेली असायचे. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य माझ्या जिभेवर कितीदा आलं असेल, पण मी आईकडे बघायचे आणि गिळायचे. आम्ही त्यांना जगवत होतो हे खरं. पण एका माणसाला स्वतःची लाज पाजून जगवत होतो, हेही तितकंच खरं. हा विचार आला की मला उठून दुसऱ्या खोलीत जावंसं वाटायचं.

दारूनं करायचं ते नुकसान आधीच करून ठेवलं होतं. खूप वर्षांनी बाबांचं यकृत बिघडलं. डॉक्टर म्हणाले, सोडली नसती तर कधीच गेले असते, ही वर्षं फुकटची मिळाली. मी नागपूरहून रजा काढून घरी आले. एका दुपारी मी त्यांच्या खाटेपाशी शेंगा फोडत बसले होते. आई आत स्वयंपाकघरात भांडी लावत होती.

“बेटा, एक इचारू?” बाबा म्हणाले. “खरं सांगजो. त्या दिवशी नागपूरले मी बोललो नसतो, तं तू जितली असती?”

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

मला वाटलं, आता सांगावं. आता दारूचा प्रश्न उरला नाही, काय धरून ठेवायचंय? इतक्या वर्षांचं ओझं आहे, जाताना तरी उतरवू दे. मी तोंड उघडलं आणि बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं. ते माझी माफी मागत नव्हते. ते उत्तराची वाट बघत होते, आणि ते उत्तर ‘नाही’ असेल या भीतीनं त्यांचा चेहरा ओढला होता.

“जितली असती, बाबा,” मी म्हणाले.

त्यांनी श्वास सोडला. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

“मले माईत होतं,” ते म्हणाले. “तू जितलीच असती.”

पुढचे थोडे आठवडे ते होते. भेटायला जो येईल, जिनिंगमधला जुना प्रेसवाला असो, विहारातले लोक असोत की सलाईन लावणारी नर्स, त्याला ते हेच सांगायचे. माही पोरगी त्या गोऱ्या पोरीले हरवून राह्यली होती, मीच मधात बोललो म्हणून गेलं. ऐकणारा माझ्याकडे बघायचा, आणि मी मान डोलवायचे.